फरशीवरच्या रेघा कुणाच्या?

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या बोर्डावर एक नोटीस लागली. ‘पार्किंग, जिना व कॉमन पॅसेज येथे खडूने चित्रे काढणे, चौकोन आखणे इत्यादी प्रकार आढळल्यास संबंधित सभासदाकडून रु. ५०० दंड आकारण्यात येईल.’ खाली सेक्रेटरींची सही आणि तिच्याशेजारी खजिनदार म्हणून माझी. घाईत सही केली, वाचलंच नव्हतं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण नोटीस मी नीट वाचली होती. तिच्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही मीच दुरुस्त करून दिली होती.

मुलांचा गुन्हा असा होता. सुट्टीतल्या एका संध्याकाळी ए आणि बी विंगमधल्या आठ-नऊ पोरांनी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये अख्खं शहर आखलं. रस्ते, दोन चौक, एक पेट्रोल पंप, एक दवाखाना आणि कोपऱ्यावर अर्थातच एक अमृततुल्य. त्या रस्त्यांवरून सायकली फिरत होत्या. सिग्नल म्हणजे एक लाल चौकोन, तिथे थांबून वीस मोजायचे. एक मुलगा ट्रॅफिक पोलीस झाला होता. तो चौकात उभा नव्हता, तर खांबामागे लपून बसला होता आणि सिग्नल तोडणाऱ्याकडून दंड म्हणून बदामाची पानं गोळा करत होता. रस्त्यांवर जागोजागी वेडेवाकडे गोल होते. ते खड्डे. खड्ड्यात चाक गेलं की सायकल गॅरेजमध्ये. पाचवीतली एक मुलगी खडू घेऊन मधेच नवा खड्डा काढायची. कुणी तरी ओरडलं, “ए, हा काल नव्हता!” ती म्हणाली, “आज पडलाय. रात्री पाऊस झाला ना.”

हे मी जिन्यात उभी राहून पाहिलं आणि पोटभर हसले. रात्री ग्रुपवर त्याच शहराचा फोटो आला, खाली ‘हे काय चाललंय? आपण झोपडपट्टीत राहतो का?’ असा मजकूर आणि त्यावर अकरा अंगठे. दोन दिवसांत नोटीस निघाली. हसलेली मी आणि सही करणारी मी एकच, हे मला अजून टोचतं, म्हणून हा लेख.

आधी तक्रार नीट तपासू. तक्रार घाणीची होती. आमच्या पार्किंगमध्ये बावीस चारचाकी उभ्या राहतात आणि त्यांतल्या निम्म्यांखाली इंजिन ऑइलचे काळे डाग आहेत. काही डाग माझ्या खजिनदारकीपेक्षा जुने आहेत. त्यांच्यावर आजवर नोटीस निघालेली नाही. झाडायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, खडूचा त्रास होतो का हो? त्या म्हणाल्या, “काय नाय ओ ताई, ते खराट्यानं जातंय. ते काळं तेल तेवढं जात नाय बघा.” खडू म्हणजे हल्ली बहुतेक जिप्सम, जुना असेल तर चुनखडी. दोन्ही मऊ, दोन्ही बिनविषारी. फरशीच्या अंगावर नुसती भुकटी बसते. चार दिवस गाड्यांची चाकं फिरली किंवा एक वळवाची सर तिरकी आली की संपलं.

शिवाय जमिनीवर काढण्याचं वावडं आपल्याला कधीपासून? रोज सकाळी दाराशी रांगोळी काढणारे आपण. नवरात्रात याच पार्किंगमध्ये पाटावर हत्ती काढून भोंडला होतो, तेव्हा पाटाभोवती फरशीवर केवढी तरी मोठी रांगोळी असते आणि ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडतो. विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या पडतात, पालख्या शहरात शिरतात तेव्हा रस्ते रंगतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पुसलं गेलं म्हणून कुणी हळहळत नाही आणि काढलं म्हणून कुणी चिडत नाही. जमिनीवर काढायचं आणि पुसू द्यायचं, ही कला आपल्या हाडीमांसी आहे. तीच भुकटी कांडीच्या रूपात नऊ वर्षांच्या पोराच्या हाती आली की तिचं विद्रूपीकरण होतं. (मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे पाहताना तो आठवतो.)

तेव्हा अडचण घाणीची नाही, रेघेची आहे. आमच्या पार्किंगमध्ये पिवळ्या ऑइलपेंटच्या रेघा आहेत, प्रत्येक चौकोनात फ्लॅटचा नंबर आहे. त्या रेघा म्हणजे मालकी. दोन बोटं चाक बाहेर आलं तर सभासद एकमेकांशी महिनोन् महिने बोलत नाहीत. पोरांनी त्या पिवळ्या रेघांवरूनच आपला रस्ता नेला होता. ३०४ नंबरच्या चौकोनात त्यांनी दवाखाना बांधला होता. फोटो ३०४ वाल्यांनीच टाकला होता. गाडी त्या वेळी जागेवर नव्हती, ती हिंजवडीला होती. पण चौकोन त्यांचा होता, रिकामा असला तरी.

पुण्यात जमिनीवर रेघ मारायचा हक्क कुणाला, हा प्रश्न आमच्या सोसायटीपुरता नाही. महापालिका झेब्रा मारते, तो पावसाळ्यात उडून जातो. बिल्डर पार्किंगच्या रेघा मारतो, त्या इमारत पाडेपर्यंत टिकतात. दुकानदार पदपथावर आपली हद्द आखून घेतो. मंडळं मांडवाचे खड्डे खणतात. या सगळ्यांत मुलांची रेघ सर्वांत कमी जागा घेते, सर्वांत कमी वेळ टिकते आणि सर्वांत आधी पुसली जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की ही रेघ मारायची जागा आणि तास त्यांना हक्काने मिळाले पाहिजेत. घरात, सोसायटीत आणि रस्त्यावरही. आणि ती रेघ त्यांची त्यांनी मारली पाहिजे.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण इथे चांगल्या मनाच्या माणसांशी माझा वाद आहे. मुलांसाठी काही करायचं ठरलं की आपण पेंटर बोलावतो. उद्यानात, बालवाडीच्या अंगणात, आता एखाद्या नव्या पदपथावरही ऑइलपेंटने ठिकरीचे चौकोन कायमचे आखलेले दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बाला’ नावाचा उपक्रम वर्षानुवर्षं चालला आहे. इमारत हीच शिकण्याचं साधन, अशी त्यामागची कल्पना, म्हणून जमिनीवर अंकांची शिडी, भिंतीवर कोनमापक, दार उघडतं तिथे जमिनीवर अंश. पहिली-दुसरीच्या वर्गाला त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण आखून दिलेली ठिकरी ही अर्धी ठिकरी आहे. एकापासून दहापर्यंतचे ते चौकोन पोरं दोन दिवस उड्या मारून पाहतात आणि तिसऱ्या दिवशी त्यावर दप्तरं ठेवतात.

खडूच्या ठिकरीत उडी मारण्याआधी निम्मा खेळ होऊन गेलेला असतो. कोण आखणार? चौकोन केवढे? धाकटीची लंगडी पुरणार नाही, म्हणून तिसरं घर जरा लहान करायचं का? मग मोठ्यांना ते सोपं जाईल, तर त्यांनी डाव्या पायावर खेळायचं. हे सगळं भांडून ठरतं. त्यानंतर खापरी टाकायची, लंगडी घालत जायचं, वाकून ती उचलायची. पूर्ण फेरी झाली की पाठमोरं उभं राहून खापरी मागे फेकायची, ती ज्या चौकोनात पडेल ते आपलं घर. त्यात दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही, आपण मात्र दोन्ही पाय टेकून विसावायचं. आमच्या वाड्यात मुली आपल्या घरात फुली मारत नसत, जाई-जुईची वेल काढत. मालकीची खूण, पण बघणाऱ्यालाही बरं वाटावं अशी.

आणि एक बारीक गोष्ट, जी मी विसरून गेले होते. परवा पोरांमुळे आठवली. पाय रेघेला लागला की नाही यावर ठिकरीत हमखास जुंपते. खडूची रेघ साक्ष देते. पाय पडला तर रेघ फिसकटते आणि तळव्याला पांढरं लागतं. “तळपाय दाखव” म्हटलं की निकाल. ऑइलपेंटची रेघ कुणाचीच साक्ष देत नाही. तिथे मग ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात शहाबादी फरशी होती. करडी, किंचित निळसर, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिच्यावर खडू असा काही उमटायचा की शाळेतल्या फळ्यावरही उमटत नसे. खडू शाळेतून लांबवलेला असायचा. तो संपला की विटेचा तुकडा, कोळसा, कुणाच्या तरी तुळशीवृंदावनाच्या गेरूचा खडा. फरशांच्या सांध्यांमुळे चौकोन आयतेच मिळायचे, त्यावर आम्ही चल्लस आठ मांडायचो. मधलं घर फुलीचं. कवड्या नव्हत्या म्हणून अर्धे केलेले चिंचोके. नवकंकरीचा पट तर आजीने आखून दिलेला आठवतो. तीन चौकोन एकात एक, मधोमध रेघा जोडलेल्या, आणि सोंगट्या म्हणून तुरीचे नि हरभऱ्याचे दाणे. वाड्यातली गैरसोय मला कुणी सांगायला नको, एका संडासापुढे सहा बिऱ्हाडांची रांग मी लावलेली आहे. त्या दिवसांचं कौतुक करायला मी बसलेली नाही. पण फरशी चांगली होती, हे सांगितलंच पाहिजे.

आता फरशीचं बघा. या प्रश्नातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यातली बरीच मोकळी जमीन पेव्हर ब्लॉकने झाकली गेली. सोसायटीचं आवार, पदपथ, गल्ली, शाळेचं पटांगण, देवळाचा परिसर. पेव्हर ब्लॉक लावायला सोपा, उकरायला सोपा. आणि पुण्यात उकरणं हा बारमाही उद्योग. पाणी मुरतं असंही म्हणतात. पण त्या नागमोडी ब्लॉकवर रेघ ओढून बघा. खडू दर चार इंचांना खाचेत अडकतो आणि तुटतो. खापरी खाचेत पडली की कुठल्या घरात आहे यावर वाद. लंगडीत पाय मुरगळायला एक ब्लॉक अर्धा इंच वर आलेला पुरतो. जिन्याच्या तोंडाशी आणि रॅम्पवर चेकर्ड टाइल्स, त्यांच्यावर बारीक उठाव. मग उरतं काय? इमारतीखालच्या पार्किंगमधलं ट्रिमिक्स काँक्रीट. ते सपाट, सावलीतलं, खडूला उत्तम. पोरं पार्किंगमध्ये चित्रं काढतात ती गाडीवाल्यांना खिजवायला नव्हे. तेवढीच फरशी शिल्लक आहे.

आणि ती फरशीही आता जाणार आहे. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर इथल्या साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या धडाधड पुनर्विकासाला जात आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर दहा टक्के मोकळी करमणुकीची जागा सोडावी लागते. जुन्या सोसायट्यांचे भूखंड बहुतेक त्याच्या निम्मेही नसतात, त्यामुळे तो नियम त्यांना लागतच नाही. पुनर्विकासाच्या बैठकांत मी बसले आहे. कार्पेट एरिया किती वाढवून देणार, भाडं किती, कॉर्पस निधी किती, प्रत्येकाला दोन पार्किंग मिळणार का, यावर तासन् तास जातात. मुलं कुठे खेळणार, हा प्रश्न एकदाच आला, तेव्हा आर्किटेक्टने गच्चीवर ‘किड्स प्ले एरिया’ दाखवला. सातव्या मजल्यावरच्या गच्चीत, रबरी मॅटवर, घसरगुंडी. रबरी मॅटवरही खडू उमटत नाही.

एक जागा मात्र प्रत्येक उंच इमारतीत असते, ती कुणाच्या लक्षात येत नाही. अग्निशमन दलाचा बंब फिरावा म्हणून इमारतीच्या बाजूने साधारण सहा मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तिथे गाडी लावायची नाही, झाड लावायचं नाही, घसरगुंडी बसवायची नाही, बाकही नाही. मला विचाराल तर ही जागा खडूसाठीच जन्माला आली आहे. खडूच्या खेळाला काहीच उभं करावं लागत नाही. आग लागलीच तर बंब ठिकरीवरून खुशाल जाईल. अट एकच, त्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉकऐवजी सपाट काँक्रीट किंवा घोटलेला दगड घालायचा. करारनाम्यात ही एक ओळ घालायला बिल्डरचं काही जात नाही. पुनर्विकासात जाणाऱ्या प्रत्येक सोसायटीने ती आत्ता मागावी, नंतर ती फरशी बदलायला कुणी पैसे देणार नाही.

मुलींविषयी एक गोष्ट बोलायची राहिली. पार्किंगमध्ये क्रिकेट सुरू झालं की सगळी जागा क्रिकेटची होते. दहा-बारा वर्षांचे मुलगे मध्ये, मुली कडेला, जिन्याच्या पायऱ्यांवर. चेंडू लागला तर ‘मध्ये कशाला आलीस?’ हे मी तीस वर्षं पाहते आहे. पण मुलींनी आधी येऊन खडूने काही आखलं असेल तर मुलगे थबकतात. आखलेल्या जागेत खेळ ‘चालू’ असतो, मुली तिथे नसल्या तरी. रेघ जागा धरून ठेवते. रुमाल टाकून एस.टी.त जागा धरतात ना, तसं. ज्या वयात आपण मुलींना ‘आता मोठी झालीस’ म्हणून वर बोलावतो, त्याच वयात त्यांच्या हातात खडू असणं मला महत्त्वाचं वाटतं.

खडूचे खेळ निव्वळ लंगडीचे नाहीत, हे ज्यांना पोरांशी काम पडत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपारी चारला एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने त्याची सावली गिरवायची. तासाभराने त्याच पावलांच्या खुणेवर पुन्हा उभं राहिलं की सावली लांबलेली, सरकलेली. पृथ्वी फिरते हे कळायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही. गोगलगाईसारखी गोल गोल आत जाणारी ठिकरी असते. वेगवेगळ्या रंगांची बेटं काढून मधे पाणी समजायचं आणि कुणी तरी रंग पुकारायचा, म्हणजे आपलंच तळ्यात-मळ्यात पण नकाशासकट. फुल्ली-गोळा अंगणभर आखून चपलांनी खेळायचा. भूलभुलैया काढून धाकट्या भावाला आत सोडायचं आणि बाहेरून दिशाभूल करायची. हे सगळं एका वीस-तीस रुपयांच्या खोक्यात मावतं आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

मोबाइलवर खापर फोडणं सोपं आहे, म्हणून मी ते टाळलं. मोबाइल हातात आहे कारण फरशी पायाखाली नाही. आरोग्याचा मुद्दाही खरा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिलीतल्या ज्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा उघड्यावर नेलं, त्यांच्यात लघुदृष्टी येण्याचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं, बाकीच्यांत ते ३९.५ टक्के होतं. वर्गातल्या चष्म्यांकडे बघता आकडा मोठा आहे. पण हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण खेळ औषध म्हणून द्यायला लागलं की त्याचा डोस ठरतो, मग क्लास निघतो, मग फी येते. ‘आउटडोअर ॲक्टिव्हिटी’चे क्लास निघालेही आहेत. त्यात खडूही देतात म्हणे, आणि काय काढायचं तेही सांगतात.

शहराकडे येऊ. लहान मुलांच्या बाबतीत पुण्याने बोलायला कमी केलेलं नाही. ‘अर्बन ९५’ या कार्यक्रमात आपलं शहर सामील झालं. तीन वर्षांचं निरोगी मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं, त्या उंचीवरून शहर कसं दिसतं ते बघा, असा त्याचा अर्थ. २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं झाली, जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाला, तिथे मुलं रेंगाळताना दिसली. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला. योगायोग असा की १९९२ साली याच तारखेला भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला होता, आणि त्याच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण वर्षातून एक दिवस मिळतो त्याला हक्क म्हणत नाहीत, सण म्हणतात.

रस्ता बंद करणं आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. गणपतीत दहा दिवस, पालखीत दोन, दहीहंडीला एक. पेठांत मांडवामुळे महिनाभर वळसा घालतो आपण, कुरकुरत का होईना. ब्रिटनने १९३८ मध्ये कायदाच केला, ठरावीक गल्ल्या ठरावीक तासांना मुलांना खेळायला बंद ठेवायचा. पुढे मोटारी वाढल्या तशा त्या गल्ल्या मोटारींनी परत घेतल्या, हेही खरं. ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आयक या वास्तुशिल्पकाराने १९४७ पासून तीसेक वर्षांत शहरातल्या रिकाम्या कोपऱ्यांत सातशेहून जास्त खेळायच्या जागा केल्या. वाळूचा हौद, काही दगडी ठोकळे, वाकवलेल्या नळ्या. हत्ती नाही, रॉकेट नाही, छोटा भीम नाही. कशाचं काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. आपल्या उद्यानांत याच्या नेमकं उलट असतं. प्रत्येक खेळणं म्हणजे एक सूचना, आणि उरलेल्या सूचना पाटीवर.

प्रत्येक वॉर्डात एक गल्ली, दर रविवारी चार ते सात, दोन टोकांना दोन बॅरिकेड. एवढंच मागणं आहे. उद्घाटन नको, कंत्राटदार नको, पेंटर तर नकोच. दांडेकर पुलाजवळच्या किंवा जनता वसाहतीसारख्या दाट वस्त्यांतल्या पोरांसाठी हे सोसायटीतल्या पोरांपेक्षा जास्त निकडीचं आहे. तिथे नोटीस लागत नाही, पण बोळ इतका अरुंद की ठिकरीचा पाचवा चौकोन शेजारच्या उंबऱ्याला लागतो आणि दर मिनिटाला दुचाकी येते. तिथली पोरं रेघ पुसायच्या आत डाव संपवायला शिकलेली असतात.

आक्षेपांतले दोन मला खरे वाटतात. एक, पार्किंगमध्ये रिव्हर्स येणारी गाडी. खाली बसून चित्र काढणारं मूल आरशात दिसत नाही. याला उत्तर दंड नव्हे, वेळ आणि दोरी. साडेचार ते साडेसहा अर्ध्या पार्किंगला दोरी बांधायची, तोवर ऑफिसला गेलेल्या गाड्या परतलेल्या नसतात. दोन, दुपारची झोप. तळमजल्यावर पंचाऐंशीचे एक काका आहेत, त्यांना आवाज सोसत नाही. खडूचा खेळ क्रिकेटपेक्षा खूप शांत असतो, पण भांडणं शांत नसतात. काकांच्या खिडकीखालचा भाग सोडून बाकीचा वापरायचा, हे पोरांनी स्वतःच सुचवलं. तिथे त्यांनी खडूने एक रेघ मारली आणि लिहिलं, ‘इथून पुढे हळू बोला.’ पुणेरी पाट्यांच्या परंपरेत बसेल अशी ही मी वाचलेली सर्वांत सभ्य पाटी.

आणि नियमांचंच म्हणाल तर या गावाला तो अभिमान आहेच. मातीतला खो-खो उचलून त्याला मापं आणि नियम दिले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ मध्ये. आट्यापाट्या म्हणजे तर नुसत्या रेघाच. नऊ पाट्या आणि मधून जाणारी सूरपाटी, ना चेंडू ना बॅट, मैदानावर फक्की टाकली की खेळ तयार. जिमखान्यावर ते नियम कागदावर उतरण्याआधी किती अंगणांत, किती पिढ्या पोरं रेघेवरून भांडली असतील. कागदावर आलं ते त्या भांडणांचं सार होतं. आमच्या पार्किंगमधली पाचवीतली मुलगी रात्रीच्या पावसाचा दाखला देऊन नवा खड्डा मंजूर करून घेते, तेव्हा ती तेच करते आहे.

नोटीस अजून बोर्डावर आहे. ठराव झाला असल्यामुळे ती नुसती काढता येत नाही, सभेतच मागे घ्यावी लागेल असं सेक्रेटरी म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. येत्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात म्हणून मी तो दिला आहे. दंड रद्द करणे, साडेचार ते साडेसहाची दोरी आणि खडूसाठी वर्षाला सहाशे रुपये. ३०४ वाल्यांशी बोलले. ते म्हणाले, “दवाखाना माझ्याच जागेत कशाला?” मी म्हटलं, मुलांना विचारते. मुलं म्हणाली, मग तिथे पेट्रोल पंप करू. त्यावर ते अजून काही बोललेले नाहीत. ऑडिटरने मात्र आताच विचारलं आहे की सहाशे रुपये कोणत्या खात्याला टाकायचे, सांस्कृतिक कार्यक्रमाला की दुरुस्ती व देखभालीला. मी देखभाल लिहिलं आहे.